हा डबा पुढे पाठवा

केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने 19 सप्टेंबर 2025 रोजी एक परिपत्रक काढले. दिवाळी वा अन्य सणांच्या भेटवस्तूंवर सरकारी खात्यांनी पैसा खर्चू नये, असा त्यातला आदेश. दोनच दिवसांनी पंतप्रधानांनी जनतेला ‘बचत उत्सवा’च्या शुभेच्छा दिल्या आणि 22 तारखेला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, जीएसटीचे नवे दर लागू झाले. बदाम-पिस्त्यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. सुका मेवा स्वस्त व्हायला आणि तो वाटणारा सरकारी हात आखडायला एकच आठवडा सापडला! खरेदी करा म्हणजे बचत होईल, हा उपदेश सरकारने स्वतःपुरता तरी मानलेला दिसत नाही.

आदेशाचे कारण वित्तीय शिस्तीचे. ते रास्तच. पण ज्याचे वाटप थांबले, तो डबा एकदा उघडून पाहावा. वर मखमली कागद, सोनेरी दोरी. आत चार कप्पे आणि प्रत्येकाचा तळ पुठ्ठा घालून बोटभर उचललेला. त्यावर काजूंचा एकच थर, तोही मोजून मांडल्यासारखा. अर्थात उघडतो कोण? झाकणावरचे शुभेच्छांचे कार्ड अलगद सोलायचे, चिकटपट्टीचा डाग खोबरेल तेलाने पुसायचा, की वसुबारसेला आलेला डबा पाडव्याला दुसऱ्याच्या दारी जायला मोकळा. पूर्वी ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ ओढवेल’ अशी पोस्टकार्डे येत, त्यातलाच हा प्रकार. वापरण्याची मुदत संपत आली की ही साखळी घरकामाच्या मावशींपाशी थांबते. त्यांना त्या दिवसांत रोख पैसे हवे असतात, हे सगळ्यांना ठाऊक असते.

जुन्या फराळाच्या ताटाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्यावरचा क्रोशाचा रुमाल उचलताच शेजारणीची चकली तेल प्यायली आहे हे हेरले जाई. ताट रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, म्हणून परतफेडीचा हिशेबही चोख असे. पण ती चकली कोणीतरी खात असे. नावे ठेवायला का होईना, चाखावी लागे.

परिपत्रकातली बंदी देण्यावर आहे. घेण्यासाठी केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम 1964 पासून आहेतच. ज्यांचे आपल्याकडे काम अडलेले असते त्यांचा वारंवार पाहुणचार झोडू नये, असे ते बजावतात. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यासमोर डिकी उघडून उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांना मात्र ते कोणी वाचून दाखवलेले नसावेत. की बंगल्यातल्यांनाच?