फोटो मोबाइल काढतो, मग आकाश वहीत कशाला काढायचं?

बघायला शिकण्यासाठी, असं माझं मत. वांगणीला दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुसता राखाडी डाग दिसला. फोटोतला गुलाबी रंग नाहीच. (हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू?) चित्र काढायला बसलो, नजर किंचित बाजूला ठेवली, तेव्हा त्याचे पंख दिसू लागले. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी नसतात, सभोवती असतात. त्या अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. म्हणून वहीवर मंद लाल टॉर्च. मोबाइल उघडलात की पुन्हा पहिल्यापासून!

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूजवळचे ठिपके रात्रीमागून रात्री काढून ठेवले, म्हणून ते गुरूभोवती फिरतात हे कळलं. तुम्हीही गुरूपासूनच सुरुवात करा. बायनॉक्युलर गच्चीच्या कठड्यावर टेकवा, जेवढे ठिपके दिसतील तेवढेच काढा. दुसऱ्या रात्री त्यांची जागा बदललेली असेल.