डिस्ट्रोचा पॅच: सोय कोणाची, जोखीम कोणाची?

२९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने एक्सझेड युटिल्समधला बॅकडोअर उघड केला. निशाणा होता ओपनएसएसएच, म्हणजे सर्व्हरवर लांबून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर. गंमत अशी, की ओपनएसएसएच मुळात एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही! मग दोघांची गाठ पडली कुठे?

डिस्ट्रोच्या पॅचमध्ये. डेबियन, फेडोरासारख्या लिनक्स डिस्ट्रो मूळ प्रकल्पाचा (त्याला अपस्ट्रीम म्हणतात) कोड घेऊन त्यात आपल्या गरजेचे बदल करतात. ‘सर्व्हर सुरू झाला’ एवढा निरोप सिस्टमडीला द्यायला त्यांनी ओपनएसएसएचला पॅच लावला होता. त्यासाठी लिबसिस्टमडी ही अख्खी लायब्ररी जोडली गेली आणि तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी आत आली. आर्च लिनक्सने हा पॅच लावलाच नव्हता, त्यामुळे तिथे ही वाट नव्हती.

याआधीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. २००६मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमधून दोन ओळी काढल्या गेल्या, कारण व्हॅलग्राइंड हे तपासणीचं टूल त्यांच्यावरून इशारे देत होतं. अपस्ट्रीमच्या मेलिंग लिस्टवर विचारणाही झाली होती. पण तो पॅच अपस्ट्रीममध्ये कधी गेला नाही, म्हणजे तिथल्या जाणकारांनी तो नीट तपासलाही नाही. परिणाम? किल्ल्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणा जवळपास संपला. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. हे मे २००८मध्ये जाहीर झालं. तोवर डेबियनवर आधारलेल्या उबुंटूतही तो दोष पोचला होता.

मग पॅच नकोतच का? तसं नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सहसा नवी लायब्ररी येत नाही. जुन्याच आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती बसवतात. तोही पॅचच.

मी अलिबागहून काम करतो, आणि माझ्याकडेही एका लायब्ररीचे असे काही पॅच आहेत. मासेमारी बंदीत इथे होड्या किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात, तसं दर नव्या आवृत्तीला पॅच पुन्हा बसवून बघावा लागतो. आजूबाजूचा कोड बदललेला असतो. पॅच बसला म्हणजे तो बरोबर आहे, असंही नसतं. हे काम कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याला वेळही मिळत नाही.

माझ्या मते खरा उपाय ओपनएसएसएचनेच दाखवला. जुलै २०२४च्या ९.८ आवृत्तीत त्यांनी सिस्टमडीला निरोप द्यायचा छोटासा कोड स्वतःच लिहिला, तोही लिबसिस्टमडीशिवाय. पॅचची गरजच संपली. चांगल्या पॅचचं आयुष्य असंच छोटं असावं.

हे आपल्याशीही संबंधित आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवरच उभं आहे. पाया दुसऱ्याचा घेतला की त्याचे पॅचही वारशाने येतात.

डेबियनचे पॅच कुणालाही वाचता येतात. अनेकांच्या वर ‘फॉरवर्डेड’ अशी नोंद असते: पॅच अपस्ट्रीमला पाठवला की नाही. तुमच्या सर्व्हरवरच्या एखाद्या महत्त्वाच्या पॅकेजची ही नोंद आज बघा. तिथे ‘नाही’ दिसलं, तर पुढचा प्रश्न एकच: का नाही?