अंगणवाडीचा शरद ऋतू

झाडे, कुटुंब आणि ऋतू हे तीन विषय बालशिक्षणात जगभर सापडतात. मूल ज्या झाडाखाली खेळते, ज्यांच्या कडेवर वाढते आणि ज्या उन्हापावसात हिंडते, तेथूनच त्याचे शिकणे सुरू व्हावे, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. पण तत्त्व मान्य करून आपण वर्गाच्या भिंतीवर जे चिकटवतो, ते पुष्कळदा परमुलखातले असते. आता तालुक्याच्या गावीही इंग्रजी माध्यमाच्या नर्सऱ्या निघाल्या आहेत. ऑक्टोबर उजाडला की तेथे मुलांच्या हाती मेपलच्या पानाचे चित्र पडते. ते लाल-पिवळे रंगवायचे आणि खाली गिरवायचे, 'ऑटम'. मास्तरीणबाई सांगतात, ऑटम म्हणजे शरद. शरदात पाने गळतात.

बीड जिल्ह्यात शरदात पाने गळत नाहीत. आश्विन-कार्तिकात आमचा बालाघाट उलट हिरवागार असतो. बाजरीची कणसे खुडलेली असतात, कापूस फुटलेला असतो, शाळूची पेरणी चाललेली असते, बांधावर झेंडू असतो आणि धारूरच्या डोंगरातली सीताफळे डोळे उघडू लागतात. आमची पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. तेव्हा पळस निष्पर्ण होऊन फुलतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते, लिंबाखाली पाचोळ्याचा थर साचतो. म्हणजे त्या चित्रातले पान आमचे नाही आणि त्याचा महिनाही आमचा नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि अनेक अंगणवाडी सेविका तो आपापल्या परीने करीतही असतात. दसऱ्याच्या आधी मुलांना आपट्याखाली न्यावे. एकाच देठावर जुळलेल्या दोन पाकळ्यांसारखे ते पान हाती द्यावे; घडी घालू द्यावी, कागदावर ठसा उमटवू द्यावा. सीताफळाच्या बिया मोजाव्यात, चिंचोक्यांचे ढीग लावावेत, झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी मांडावी. ताराबाई मोडकांनी माँटेसरीची महागडी साधने बाजूला सारून पाने, बिया, शिंपले, खडे यांच्यावर बालशिक्षण उभे केले, त्याचे मर्म हेच होते. साधन परिसरात असते. ते दिसायला नजर हवी.

पण बीड जिल्ह्यात एवढ्यावर भागत नाही. कारण येथे शरद ऋतूत पाने गळत नसली, तरी घरे रिकामी होतात.

दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी गावात येते. उचल आधीच घेतलेली असते आणि बहुतेकदा खर्चूनही झालेली असते. भांडीकुंडी, गोधड्या, शेळी-कोंबडी आणि लहान पोरे गाडीत घालून टोळ्या निघतात ते सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूरकडे, काही थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाकडेला कोपी हेच घर. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक 'कोयता' म्हणतात. माणसे दोन, हिशेब एक! आपट्याच्या जोडपानासारखीच ही जोडी; फरक एवढाच, की त्या पानाला आपण सोने म्हणून कपाळाला लावतो.

आता अंगणवाडीतला 'माझे कुटुंब' हा पाठ या मुलांच्या नजरेने पाहा. तक्त्यावर आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुले एका घरापुढे हसत उभी असतात. एका अंगणवाडीत ताईंनी विचारले, "तुझ्या घरी कोण कोण?" एका पोराने आई, बाप, थोरली बहीण सांगून पुढे दोन बैलांची नावे घेतली. बाकीची पोरे हसली. मला मात्र ते उत्तर बिनचूक वाटले. टायरगाडीवर जाणाऱ्या घरात बैल कुटुंबातलेच असतात. आजीचे नाव त्याने घेतले नाही, कारण आजी गावीच मागे राहणार होती. कुटुंब म्हणजे कार्तिकात दुभंगणारी आणि चैत्रात सांधली जाणारी गोष्ट, हे त्या पोराला चौथ्या वर्षीच कळले होते. तक्ता काढणाऱ्यांना ते अजून कळायचे आहे.

या मुलांना गावची पानगळही दिसत नाही. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा ती फडात असतात. परततात तेव्हा लिंब नव्या पानांनी भरलेला असतो. वयाच्या तिसऱ्या ते सहाव्या वर्षात अंगणवाडीचे तीन हंगाम येतात आणि प्रत्येकातले पाच-सहा महिने असे वजा होतात. त्यांतच आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरण हे सारे आले.

कोणी म्हणेल, सरकारने काय कमी केले? साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृह योजना आली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळही आहे. हे सारे हवेच. पण वसतिगृह शाळकरी मुलांसाठी असते. तीन वर्षांचे पोर वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईच्या पदराला धरून फडावरच जाणार. तेथे आई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. मग धाकट्याला सांभाळायला कोण? नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण. तिची शाळा सुटते ती अशी. फडावर पाळणाघर नि बालवाडी नसण्याची किंमत एका घरात दोन मुले मोजतात. एवढा साधा हिशेब आपल्या योजनांमध्ये बसत नाही, याचे नवल वाटते.

कायद्याची भाषाही येथे थबकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. त्याखालच्यांसाठी शासन व्यवस्था करू शकेल, एवढेच कलम अकरा म्हणते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाला पायाभूत म्हटले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांपर्यंतच्या बालकाला अंगणवाडीतला आहार हक्काचा केला. तो हक्क गावच्या वेशीपाशी संपतो, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

वाट नवी शोधायची नाही. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताई कुरणात गेल्या आणि 'कुरणशाळा' उभी राहिली. अंगणात अंगणवाडी आणि कुरणात कुरणशाळा होऊ शकते, तर फडावर ती का होऊ नये?

टोळीबरोबरच जाणारी, थोडेफार शिकलेली एखादी बाई निवडावी, दसऱ्याआधी तिला प्रशिक्षण द्यावे, कोयत्याच्या मजुरीइतके मानधन द्यावे. कारखान्याने सावलीची जागा आणि पाणी द्यावे. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीतून फडाजवळच्या अंगणवाडीत आपोआप जावे. स्थलांतरितांची संगणकावर नोंद ठेवण्याची व्यवस्था राज्याने अलीकडे केलीच आहे. त्या नोंदीमागोमाग ताटही पोहोचावे. कानडी मुलखात तर आपल्या बोलीत बोलणारी ताई हाच मुलाचा मोठा आधार ठरेल. आणि अभ्यासक्रमात फड, वाढे, मोळी, कोपी, बैल यांना जागा असावी. मुलाने आपले आयुष्य वर्गाबाहेर काढून ठेवून आत येऊ नये.

झाडाची गळालेली पाने ठरल्या ऋतूत पुन्हा फुटतात. अंगणवाडीतून गळालेल्या मुलांचे तसे नसते. गाड्या दसऱ्यानंतर निघतात, ही तारीख सरकारला, कारखान्यांना आणि मुकादमांना दरवर्षी आधीच ठाऊक असते. तेव्हा तयारीला वेळ मिळाला नाही, ही सबब निदान या प्रश्नात कोणी सांगू नये.