अलार्म घ्या, पण आधी मांडणी शिका

दिवाळीनंतर पाणी निवळू लागलं की आमच्याकडे एकाच प्रश्नाची पत्रं वाढतात: मासा लागल्याचं वाजून सांगणारा कोणता अलार्म कार्पसाठी घ्यावा? ब्रँड, आवाजाचे प्रकार, रिसीव्हरचा पल्ला, सगळ्याची चौकशी होते. रॉड कुठे रोखायचा, दोरा किती ताणायचा, दोऱ्यावरचं बॉबिन किती खाली टांगायचं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आमच्या मते क्रम उलटा हवा. मांडणी चुकली की महागडा अलार्मही मुका राहतो, नाहीतर उगाच बोंबलतो. मांडणी जमली की साध्या अलार्मवरही काम भागतं.

हे यंत्र इंग्लंडमधल्या रात्रींच्या गरजेतून आलं. तिथले मोठे कार्प रात्री खायला निघतात आणि अंधारात रॉडच्या टोकावर तासन्‌तास नजर ठेवणं कुणालाच जमत नाही. म्हणून रिचर्ड वॉकर यांनी विजेवर वाजणारा अलार्म तयार केला. सप्टेंबर १९५२ मध्ये रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा विक्रमी कार्प धरणारे तेच हे वॉकर. पुढे ‘ऑप्टॉनिक’ आला. त्यात दोऱ्याबरोबर फिरणारं चाक प्रकाशाची तिरीप तोडायचं आणि अलार्म वाजायचा. आजच्या बहुतेक अलार्मच्या चाकात लोहचुंबक असतात, तर काही अलार्म दोऱ्याची थरथर टिपतात. प्रकार कुठलाही असो, दोरा सेन्सरवर टेकलेला असेल आणि हलला, तरच त्याला काही कळतं. मांडणीचे सगळे नियम इथूनच निघतात.

आता हे नियम लावायचे कुठल्या पाण्यात? आपल्या दहिसरकरांच्या दाराशी नदी आहे, पण गळ टाकण्याजोगी नाही. ती तुळशी तलावाकडून येते. उगमाकडचा भाग राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे तिथे मासेमारीला बंदी. उद्यानाबाहेर पडताच तबेले आणि सांडपाणी तिला गाठतात. त्यामुळे आपली मंडळी रॉडच्या पिशव्या खांद्याला मारून एकतर पवई गाठतात, नाहीतर घोडबंदर-भाईंदरची खाडी. ही दोन पाणी वेगळी, म्हणून त्यांची मांडणीही वेगळी.

आधी पवई. १८९१ मध्ये बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्याच्या कामी फारसं आलं नाही, पण गळवाल्यांच्या कामी आलं. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचं ठाणंही इथेच. काठ बराचसा दगडी असल्याने बँकस्टिक रुतत नाही आणि तीन-चार पायांचा पॉड लागतो. तो डगमगला तर वारा आणि मासा यांतला फरक अलार्मला कळणार नाही. पायांशी दगड रचा, नाहीतर मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगा. दोरा पाण्यात जिथे शिरतो त्या दिशेला रॉडचं टोक सरळ रोखा आणि जरा खाली झुकवा. रॉड तिरका राहिला तर दोरा टोकाच्या कडीवर घासतो, ओढ तिथेच जिरते आणि चाक फिरतच नाही.

बॉबिनचं काम बरेच जण शोभेचं समजतात. मासा काठाकडे पोहत आला की दोरा सैल पडतो. अशा वेळी खाली घसरणारं बॉबिन हीच खूण असते. ते आधीच जमिनीला टेकलेलं असेल तर खूण गेली. म्हणून रॉड आणि जमीन यांच्या मधोमध टांगा, म्हणजे वर जायला आणि खाली यायला सारखीच जागा राहील. लांबच्या फेकीला किंवा वाऱ्यात वजनदार, जवळच्या फेकीला आणि सैल दोऱ्याला हलकं. अलार्मची संवेदनशीलता सगळ्यात शेवटी ठरवा. आधी कमी ठेवा, मग गरजेपुरती वाढवा.

आवाज ओळखायला शिकलं पाहिजे. एखाद-दुसरी टिकटिक आणि बॉबिनची नुसती थरथर म्हणजे बहुधा चिलापी पीठ कुरतडते आहे. संथ, एकसारखा आवाज आणि वाऱ्याच्या दिशेने सरकणारा दोरा म्हणजे तरंगत्या जलपर्णीने तो धरला. दोन-चार टिकटिकी, क्षणभर शांतता आणि मग लागलेला सूर म्हणजे मृगळ किंवा सायप्रिनस घेऊन निघाला. कटल्यासाठी मात्र या थाटाचा भरवसा धरू नका. त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या थरात खातो. तळाला बसलेल्या शिशाशी त्याची गाठ कमी पडते. त्याच्यासाठी बूच आणि आपले डोळेच बरे.

आता खाडी. भरती-ओहोटीच्या ओढीत दोरा सतत सरकत असतो, त्यामुळे कार्पचा अलार्म तिथे अखंड वाजतो. शिवाय खारं पाणी त्याच्या संपर्कपट्ट्या खातं. जिताडा किंवा शिंगाळा रॉडचं टोकच गदागदा हलवतो, म्हणून टोकाला चिमट्याने अडकवलेली घंटी खाडीवर आजही सरस ठरते. जुन्या मंडळींच्या घंटीला हसणाऱ्यांनी एकदा ओहोटीला तिथे अलार्म लावून पाहावा.

लॅमिंग्टन रोडवरून रीड स्विच, बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी आणून घरी अलार्म जोडणाऱ्या वाचकांचं आम्हाला कौतुक आहे. त्यांना सूचना एकच: डबी पाणबंद करा. विकतचा असो वा घरचा, आपल्या हवेत अलार्मला मारते ती ओल. घरी आल्यावर पुसा, बॅटरी काढा, झाकण उघडं ठेवून वाळवा. ओला अलार्म पेटीत बंद केला तर पुढच्या फेरीपर्यंत स्प्रिंगवर हिरवट थर चढलेला असेल.

एका बाबतीत आम्ही तडजोड करणार नाही. रिसीव्हर खिशात आहे म्हणून रॉड सोडून चहाला जाणं हा अलार्मचा गैरवापर आहे. जड शिशाच्या रिगवर मासा स्वतःच अडकतो आणि जलपर्णीकडे धावतो. तुम्ही पोचेपर्यंत दोरा गुंततो, तुटतो आणि गळ, दोरा, शिसं तोंडात घेऊन मासा मागे राहतो. रिळाचा ड्रॅग घट्ट असेल तर रॉडच पाण्यात जातो. पवईत मगरी आहेत, तेव्हा तो काढायला पाण्यात उतरायचा विचारही करू नका. ड्रॅग सैल ठेवा, किंवा फ्रीस्पूल असेल तर ते लावा. गुंता झाल्यावर शिसं सुटून जाईल अशीच रिग बांधा. आवाज तुमच्यापुरता ठेवा, शेजारच्याची सकाळ त्याच्यासाठी सोडा.

येत्या फेरीत एक सकाळ अलार्मचा आवाज पूर्ण बंद करून फक्त बॉबिन पाहत बसा. ते का चढलं, का घसरलं, हे सांगता येऊ लागलं की मग आवाज सुरू करा. आणि रॉडपासून वीस पावलांहून लांब जायचं असेल, तर आधी गळ पाण्याबाहेर काढा.