आजार आणि अपराध यांतला फरक ओळखा

वॉर्डात रात्री एखादा रुग्ण ओरडू लागला, सलाईन उपटून फेकले, सिस्टरला शिवी दिली की आजूबाजूचे लोक लगेच निवाडा देतात, "वेडा झालाय" नाहीतर "माजलाय". हेच घरात घडले तर "बाहेरचं काहीतरी आहे" असा तिसरा निवाडा तयारच असतो. या तिन्ही निवाड्यांत चूक एकच. ओरडण्यामागचे कारण कोणीच विचारत नाही.

आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आज परिचारिका आहेत. कितीतरी भाऊ-बहिणी वॉर्डबॉय आणि मावशी म्हणून राबतात. खाटेवर आपला माणूस असतो आणि खाटेशेजारी उभी असलेली सिस्टरही आपलीच असते. म्हणून हा विषय आपल्याला दोन्ही बाजूंनी समजून घ्यावा लागेल.

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत आहे. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथ त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. तथागतांनी त्याला शिक्षा केली नाही की संघाबाहेर काढले नाही. संघाने त्याची अवस्था रीतसर मान्य करावी आणि तो आला वा न आला तरी उपोसथ करावा, असा मार्ग दिला. भ्रमिष्ट अवस्थेत घडलेल्या कृतीचा दोष लागत नाही, हेही विनयात नमूद आहे. आजार आणि अपराध वेगळे करण्याचा हा विचार आपल्या धम्मात पहिल्यापासून आहे.

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. वयस्कर माणूस एकाएकी बरळू लागला तर त्यामागे ताप, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, रक्तातली साखर उतरणे, सोडियम कमी होणे किंवा प्राणवायू कमी पडणे असू शकते. रोज दारू पिणारा माणूस अपघातामुळे भरती झाला आणि दोन-तीन दिवसांनी थरथरू लागला, भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागला, तर ती दारू अचानक तुटल्याची लक्षणे आहेत. ती जिवावर बेतू शकतात. जाणती सिस्टर अशा वेळी आधी साखर, ताप, ऑक्सिजन तपासते आणि डॉक्टरांना बोलावते. गर्दी हटवते. चौघांनी चार बाजूंनी ओरडण्याऐवजी एकच जण हळू आवाजात, छोट्या वाक्यांत बोलतो. ती हातभर अंतर ठेवते आणि दाराची वाट मोकळी ठेवते. यात रुग्णाचे रक्षण आहे आणि तिचेही.

बांधून ठेवणे हा सोपा उपाय वाटतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. उपचार म्हणून आणलेली ती माणसे होती. त्यांना पळताही आले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने साखळदंड आणि एकांतकोठडी यांवर बंदी घातली. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि नोंद ठेवून, रुग्णाला तेवढ्यापुरते आवरता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही.

मग परिचारिकेने सारे निमूट सोसायचे का? मुळीच नाही. फरक ओळखायचा तो इथेच. भ्रमात असलेल्या रुग्णाने हात उगारला तर ते लक्षण आहे. शुद्धीवर असलेल्या नातेवाइकाने सिस्टरची जात काढली, तिला धक्का दिला, तर तो गुन्हा आहे. दारूच्या नशेत होता म्हणून तो माफ होत नाही. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. जातिवाचक अपमानासाठी ॲट्रॉसिटी कायदा आहेच. तरीही मार खाल्लेल्या सिस्टरला पहिला प्रश्न येतो, "तुम्ही काय बोललात?" हा प्रश्न बंद झाला पाहिजे. तक्रार रुग्णालयाने स्वतः नोंदवावी, तिला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये. त्या पाळीत तिला बदली माणूस मिळावा. एवढी मागणी कर्मचारी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

काही रुग्ण मात्र ओरडत नाहीत. गप्प राहतात. "जिन्यावरून पडले" म्हणणाऱ्या बाईच्या अंगावर जुने-नवे वळ असतात आणि तिच्याऐवजी नवराच उत्तरे देतो. कीटकनाशक प्यायलेली सून "चुकून घेतलं" म्हणते. अशा वेळी नवऱ्याला औषध आणायला पाठवून तिच्याशी एकांतात बोलणे हेही शुश्रूषेचेच काम आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले ते हेच ओळखून. अत्याचारग्रस्त बाई पोलिसांकडे जाण्याआधी बहुधा दवाखान्यातच येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे २०१७ चा कायदा सांगतो. तिला दरडावू नका, तिचे ऐका.

आणि दुःख. मृत्यूची बातमी ऐकून छाती बडवणारी आई गोंधळ घालत नसते. पती, दोन मुले आणि आईवडील गमावलेली पटाचारा वस्त्राचे भान विसरून फिरत होती. लोक तिला हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर आणले. पुढे ती थेरी झाली. म्हणून "रडू नका" म्हणण्यापेक्षा तिला बसायला जागा द्या, पाणी द्या, लेकराचा चेहरा पाहू द्या. "तो गेला" हे सत्य स्पष्ट पण हळुवार शब्दांत सांगा. आपल्याकडे जलदान विधी व पुण्यानुमोदनाला घर भरते आणि नंतर ओस पडते. खरी गरज त्यानंतर असते. महिन्याभराने कोणीतरी त्या घरी जाऊन बसले पाहिजे.

आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतः केली. चांगल्या शुश्रूषकाचे गुणही त्यांनी सांगितले. त्याला औषधाची जाण असावी, मलमूत्राची किळस नसावी, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, योग्य वेळी धीर द्यावा. हे गुण एकट्या सिस्टरकडून मागणे अन्याय आहे. ते समाजातही हवेत. रविवारच्या वंदनेनंतर विहारात महिन्यातून एकदा आपल्याच परिचारिका भगिनींना बोलायला बोलवा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. घरात कोणाचे चित्त ढळले तर बुवाकडे नको, दवाखान्यात न्या. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म कारण शोधायला शिकवतो. माणसाच्या आक्रोशाचेही कारण शोधू या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!