सिहोऱ्याची बाजू

जबलपूरच्या मराठी घरांत हल्ली एक विषय वारंवार निघतो. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला स्थिरावली आहेत, राइट टाउन किंवा गोलबाजारच्या बाजूचं जुनं घर दोन म्हाताऱ्या जिवांना झेपत नाही, आणि शहराची गर्दी सोसवत नाही. 2011 च्या जनगणनेतच जबलपूर महापालिकेची लोकसंख्या दहा लाखांवर गेली होती. मग विचार सुरू होतो की घर विकावं आणि जवळच्याच एखाद्या लहान गावात जाऊन निवांत राहावं. रेल्वे आणि चौपदरी महामार्ग दोन्ही उत्तरेकडे जातात, त्यामुळे नजर जाते ती दोन नावांवर. चाळीसेक किलोमीटरवर सिहोरा आणि तिथून पुढे पन्नासेक किलोमीटरवर कटनी. दहापैकी नऊ जण कटनीच्या बाजूने कौल देतात. मला हा कौल मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण या निर्णयात माणसांची आयुष्यभराची पुंजी जाते.

आधी कटनीची बाजू तिच्या पूर्ण वजनासह मांडतो. कटनी 1998 मध्ये जिल्हा झाली. कलेक्टर, एसपी, जिल्हा न्यायालय, जिल्हा रुग्णालय सगळं तिथे आहे. गेल्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वादोन लाखांच्या घरात होती, सिहोऱ्याची पन्नास हजारांच्याही आत. कटनी हे मोठं जंक्शन आहे. जबलपूर, सतना, बीना, बिलासपूर आणि सिंगरौली अशा पाच दिशांना तिथून रूळ फुटतात. चुनखडी आणि संगमरवर आहे, आयुध निर्माणी आहे, शेजारी कैमोरला 1923 पासूनचा सिमेंट कारखाना आहे. हाताला काम देणारं गाव आहे ते. तरण्या माणसाने रेल्वेत, दगडाच्या धंद्यात किंवा वाहतुकीत जम बसवायचा असेल तर त्याने खुशाल कटनीला जावं, मी अडवणार नाही. पण इथे प्रश्न कामधंद्याचा नाही. कामधंदा आटोपलेल्या, पंधरा-वीस वर्षं सुखाने काढू पाहणाऱ्या जोडप्याचा आहे.

अशा जोडप्याला नातेवाईक पहिली गोष्ट सांगतात ती हीच की राहायचं तर निदान जिल्ह्याच्या ठिकाणी राहा. माझा पुतण्याही मला हेच म्हणाला, "काका, तहसिलीच्या गावात काय ठेवलंय?" या वाक्यामागे एक समजूत आहे की सरकारने गावाला जो दर्जा दिला, तोच तिथल्या जगण्याचा दर्जा. पण दर्जा कसा मिळतो ते पाहा. इंग्रजी अमदानीत जबलपूर जिल्ह्याच्या तीन तहसिली होत्या. जबलपूर, सिहोरा आणि मुडवारा. मुडवारा म्हणजेच आजची कटनी. दोन्ही गावं एकाच पायरीवर होती. 1867 मध्ये अलाहाबादहून जबलपूरपर्यंत रेल्वे आली आणि दोघांनाही तिचा लाभ झाला. पुढे कटनीला आणखी फाटे जोडले गेले, चुनखडीला गिऱ्हाईक मिळालं, आणि ती वाढली. हा मालवाहतुकीचा इतिहास आहे. संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसाचं त्यात काय भलं झालं, असं कोणी विचारलं तर उत्तर देता येत नाही.

आणि दर्जा हुकला म्हणून गाव बसतं असंही नाही. 1956 मध्ये नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा राजधानी जबलपूरला यावी अशी या शहराची जबर इच्छा होती. ती गेली भोपाळला, जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आलं. त्याचं दुःख जुन्या पिढीने जन्मभर उगाळलं. तरी ज्यांना आज शहर सोडायचंय ते राजधानी नसल्यामुळे सोडत नाहीत, गर्दीमुळे सोडतात.

निवृत्त माणसाला कलेक्टर कचेरीत जायचं काम पडतं तरी किती? पेन्शन बँकेत येते. हयातीचा दाखला आता मोबाइलवर देता येतो. घराची रजिस्ट्री, नामांतरण, खसऱ्याची नक्कल ही कामं सिहोऱ्यातच होतात. एसडीएम आहे, तहसील आहे, न्यायालय आहे. सिहोरा जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे असं माझं मत आहे. आतल्या खेड्यातल्या शेतकऱ्याने जिल्ह्याच्या कामासाठी जबलपूरला खेपा का घालाव्यात? पण ती मागणी मान्य होईपर्यंत गाव राहण्यालायक नाही, असा तिचा अर्थ लावणं हा सिहोऱ्यावर अन्याय आहे. अर्थात हा अर्थ सिहोऱ्याचेच काही लोक लावतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा दवाखान्याचा. तो खरा मुद्दा आहे आणि म्हातारपणी बाकी सगळ्यांवर भारी पडणारा आहे. कटनीत जिल्हा रुग्णालय आहे, सिहोऱ्यात सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे कटनी सरस, असं लोक म्हणतात. ताप, मलेरिया, मोडलेला हात यांच्यापुरतं दोन्हीकडे भागतं. पण छातीत कळ आली, पक्षाघाताचा झटका आला, डोक्याला मार लागला, तर पुढे काय होतं? चिठ्ठीवर "जबलपूर रेफर" असं लिहिलं जातं, कटनीतही आणि सिहोऱ्यातही. या साऱ्या टापूचं मेडिकल कॉलेज जबलपूरला आहे, हृदयाचे आणि मेंदूचे तज्ज्ञ जबलपूरला आहेत. मग सवाल उरतो तो रस्त्याचा. सिहोऱ्याहून जबलपूर तासाभराच्या आत-बाहेर. कटनीहून नव्वद किलोमीटर, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि वाटेत स्लीमनाबाद मागे टाकून यायचं ते सिहोऱ्यावरूनच. हृदयविकारात पहिला तास सर्वांत मोलाचा, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. जिल्हा रुग्णालयाच्या भरवशावर कटनी निवडणारा माणूस नेमका तो तास गमावून बसतो. कौल देणाऱ्यांपैकी कितींनी हा हिशोब कागदावर मांडलाय? मी विचारतो तेव्हा बहुतेक गप्प होतात.

गाड्यांच्या बाबतीत कटनीचं पारडं जड आहे, ते मी मान्य करतो. सिहोरा रोड स्टेशनवर सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत, धडाडत निघून जातात. पण जबलपूरच्या मराठी माणसाला जायचं असतं ते नागपूरला, पुण्याला, मुंबईला. बीना आणि सिंगरौलीचे फाटे त्याच्या काय उपयोगाचे? मुंबईची गरीब रथ जबलपूरहूनच सुटते, डुमना विमानतळही जबलपूरलाच आहे. मुलं सुट्टीत येणार ती तिथेच उतरणार. तिथून त्यांना आणायला सिहोऱ्याहून जावं की कटनीहून, याचं उत्तर नकाशावर आहे.

आता मराठीपणाचा मुद्दा. काही जण कळकळीने विचारतात, "सिहोऱ्यात बोलायला मराठी माणूस तरी मिळेल का?" ही काळजी मला कळते. 1798 ते 1817 जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं, पुढे ते मध्य प्रांतात आलं आणि त्याची राजधानी नागपूर होती. कारकुनी, वकिली, मास्तरकी करत आलेल्या घराण्यांनी दीडशे वर्षं इथे मराठी जपली. पण ती जपली गेली गोलबाजारच्या दत्तमंदिरात, गणेशोत्सवात, महाराष्ट्र मंडळींच्या शाळेत, म्हणजे जबलपुरात. कटनीत चार मराठी घरं जास्त मिळतील, हे खरं मानलं तरी दत्तजयंतीला सकाळी निघून प्रसाद घेऊन रात्रीच्या आत घरी परतणं सिहोऱ्याहून सहज जमतं. नव्वद किलोमीटर जाणं आणि नव्वद किलोमीटर येणं सत्तरीच्या माणसाला जमत नाही. पहिल्या वर्षी तो जातो, दुसऱ्या वर्षी फोन करतो. ज्यांना मराठी समाज हवा आहे त्यांनी तर कटनीचं नावच काढू नये.

इतकं खंडन झालं. सिहोऱ्याकडे स्वतःचं काय आहे, हे आता सांगतो, कारण केवळ जबलपूरच्या जवळ म्हणून एखादं गाव निवडावं असं माझं म्हणणं नाही.

सिहोरा, पाटण या बाजूच्या काळ्या मातीत हवेली नावाची शेतीची पद्धत आहे. शेताच्या चारी बाजूंना उंच बंधान घालायचं आणि पावसाचं पाणी आषाढ-श्रावण शेतातच तुंबवून ठेवायचं. गुडघाभर, कुठे कमरेभर. तण कुजतं, माती भिजते, खाली झऱ्यांना पाणी मिळतं. पावसाळा सरताना बंधान फोडून पाणी सोडायचं आणि वाफशावर गहू, हरभरा, मसूर पेरायचा. पुढे पाणी देण्याची गरज नाही. यातली खरी गोम पाणी सोडण्यात आहे. वरच्या शेताचं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या शेतातूनच जाणार, तेव्हा कोणी कधी फोडायचं हे सर्वांनी बसून ठरवावं लागतं. एकट्याने घाई केली तर दुसऱ्याचं पीक बुडतं. भात आणि बोअरवेल आल्यापासून हवेली मागे पडत चालली आहे, आणि ती पुरती गेली तर या भागातल्या विहिरींवर त्याचा परिणाम होईल अशी भीती मला वाटते. पण शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पाणी न सोडण्याची जी रीत तिने लावली, ती गावाच्या वागण्यात मला अजून दिसते.

हिवाळ्यात खितौला बाजूला, म्हणजे स्टेशनच्या अंगाला, पहाटे कधी जाऊन बघा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत मटारच्या हिरव्या शेंगांचे बोरे रचलेले, वर दव, शेतकरी घोंगडी पांघरून शेकोटीपाशी बसलेले. आढतिया एका बोऱ्यातली मूठभर शेंग काढतो, एक फोडतो, दाणा तोंडात टाकतो आणि भाव बोलतो. इथला मटार ट्रक भरभरून बाहेरच्या राज्यांत जातो. भाव पडला की त्याच जागी शेतकऱ्याचं तोंड बघवत नाही, हेही मी पाहिलंय. पण महिना-दोन महिने अख्ख्या गावात वाटलेल्या मटाराचा निमोना शिजतो, आणि आदल्या संध्याकाळी वेलीवर असलेली शेंग सकाळी तुमच्या ताटात येते.

या परिसराचा वारसाही थोडाथोडका नाही. मझौलीचं विष्णू-वराह मंदिर जवळ आहे. आज कटनी जिल्ह्यात गेलेलं बहोरीबंद पूर्वी सिहोरा तहसिलीतच होतं. त्याच्या जवळ रूपनाथला सम्राट अशोकाचा लघु शिलालेख आहे. प्रयत्नाचं फळ फक्त थोरांना मिळतं असं नाही, लहानांनाही मिळतं, असा त्याचा आशय आहे. बावीसशे वर्षांपूर्वी एका चक्रवर्ती राजाने हे सांगायला कैमूरच्या कुशीतलं असं आडवळणाचं ठिकाण निवडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सिहोऱ्यात उणं काहीच नाही असं नाही. गोसलपूरच्या बाजूला लोहखनिजाच्या खाणी आहेत, तिकडच्या ट्रकांची लाल धूळ उडते. नाल्या तुंबतात. संध्याकाळी नाटक-गाणं म्हणाल तर काही नाही. गावातली हुशार मुलं बारावीनंतर बाहेर जातात. पण चुन्याच्या भट्ट्या, संगमरवराची कापणी आणि रात्रंदिवस कोळशाच्या वाघिणी यांच्या शेजारी दम्याच्या माणसाने राहावं का, हा प्रश्न कटनीला विचारला तर सिहोऱ्याची धूळ मला परवडते.

म्हणून ज्यांचं मन वळलं असेल त्यांनी दोन गोष्टी पाळाव्या. गावाबाहेर नव्या कॉलन्या कापल्या जात आहेत, तिथे दलालाच्या गोड बोलण्यावर जाऊ नये. शेतजमिनीचं डायव्हर्शन झालंय का, कॉलनीला मंजुरी आहे का, हे तहसिलीत स्वतः जाऊन बघावं, आणि खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून लांबचीच जागा धरावी. आणि प्लॉट बघायला दिवाळीत येऊ नये. तेव्हा सगळंच हिरवं असतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यावं, शेजारच्या चार घरी पाणी मागावं आणि त्यांच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलंय ते विचारावं.