108 सेकंदांची गुणवत्ता

महाराष्ट्र शासनाच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत, म्हणजे ‘सीईटी’ या नावाने घराघरांत पोहोचलेल्या परीक्षेत, गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवावे लागतात. प्रत्येक प्रश्नाला 2 गुण; उत्तर चुकले तरी गुण वजा होत नाहीत. साधा भागाकार केला तर एका प्रश्नाच्या वाट्याला 108 सेकंद येतात. या 108 सेकंदांत जे हाती लागते त्यालाच राज्यकर्ते आणि वर्तमानपत्रे ‘गुणवत्ता’ असे भारदस्त नाव देतात.

या गुणवत्तेचे स्वरूप एकदा नीट पाहिले पाहिजे. समाकलनाचा प्रश्न आणि खाली चार पर्याय दिले, की समाकलन मुळीच न येणारा विद्यार्थीही प्रत्येक पर्यायाचे अवकलन करून बरोबर उत्तर गाठू शकतो. कित्येकदा चलाला 0 किंवा 1 किंमत देताच तीन पर्याय आपोआप बाद होतात. ही युक्ती अप्रामाणिक नव्हे. तिलाही थोडी बुद्धी लागते. परंतु ती सुटी करून बांधून विकता येते. याउलट एखादे विधान सिद्ध करणे, आपली पायरी कोठे चुकली हे शोधणे, ती दुरुस्त करून पुन्हा मांडणे, यासाठी वही तपासणारा शिक्षक लागतो, आणि त्याला वेळ लागतो. जे गणित विकण्याजोगे आहे तेवढेच परीक्षेने मोजावयाचे ठरविले, तर तयारीचा बाजार उभा राहणारच.

हा बाजार धोरणाने उभा केला आहे. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत गणिताची 80 गुणांची लेखी प्रश्नपत्रिका असते आणि तेथे पायरीपायरीला गुण मिळतात. पण प्रवेशाच्या वेळी या परिश्रमाची किंमत किती? खुल्या प्रवर्गासाठी ठरावीक विषयांत 45 टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी 40 टक्के, इतकी पात्रतेपुरतीच. पुढचा क्रम सीईटीच ठरविते. ज्या परीक्षेला भाव नाही तिच्यासाठी भरणारा वर्ग ओस पडतो, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक परिणाम आहे. त्यासाठी मुलांना आळशी ठरविण्याचे कारण नाही. नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवस खाजगी क्लासमध्ये, ही व्यवस्था इतकी बोकाळली, की 2018 साली शासनाला मोठ्या शहरांतील विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. रोग अभ्यासक्रमात आणि प्रवेशाच्या नियमात. उपचार मात्र विद्यार्थ्याच्या अंगठ्यावर!

लातूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘लातूर पॅटर्न’ प्रथम गाजला तो तेथील महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी जादा तास घेऊन, पुनःपुन्हा सराव करून घेऊन मिळविलेल्या निकालांमुळे. त्या पद्धतीतही घोकंपट्टीचा दोष होता. पण शिकविणारा महाविद्यालयाचा होता आणि वर्ग महाविद्यालयात भरत होता. आज त्याच शहराची ओळख खाजगी क्लासेस आणि वसतिगृहे यांच्यावर उभी आहे. 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देऊन राज्याने प्रथम जागांचा बाजार मांडला. नंतर त्या जागांपर्यंत पोहोचण्याची वाटही बाजारात आली.

शासनाचे करधोरण तर याबाबत फारच प्रांजळ आहे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षण वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. खाजगी शिकवणीवर 18 टक्के कर आहे. म्हणजे सरकारच्या लेखी ही शिकवणी शिक्षण नसून सेवेची विक्री आहे. हे वर्गीकरण अचूक आहे, आणि म्हणूनच ‘महाज्योती’सारख्या शासकीय संस्थेमार्फत मागासवर्गीय विद्यार्थ्यांना टॅब व इंटरनेट देऊन प्रवेश परीक्षेचे प्रशिक्षण पुरविले जाते तेव्हा मन साशंक होते. त्या मुलांना ते मिळू नये असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तालुक्याच्या महाविद्यालयात गणिताचा पूर्णवेळ शिक्षक नेमण्याऐवजी मुलाच्या हाती पडदा देणे, हे बाजारापुढे शासनाने स्वीकारलेले मांडलिकत्व आहे.

प्रश्नपत्रिका सर्वांना सारखीच असते, ती जात पाहत नाही की बापाचा पगार पाहत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे, पण फक्त परीक्षेच्या त्या काही तासांपुरता. त्यापूर्वीची दोन वर्षे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे विकत घेतलेली असतात.

लाखो मुलांच्या परीक्षेला यंत्राशिवाय पर्याय नाही, असे दुसरे एक उत्तर तयार असते. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत 2005 पर्यंत रीत मांडून उत्तरे लिहावी लागत. 2006 पासून तेथेही पर्याय निवडण्याची पद्धत आली. भारतीय सांख्यिकी संस्थेने पदवी प्रवेशासाठी सविस्तर उत्तरांची प्रश्नपत्रिका टिकविली आहे, पण तिचे उमेदवार थोडे, असे म्हणून ते उदाहरण बाजूला सारता येईल. मंडळाचे उदाहरण कसे सारणार? सीईटीला बसणाऱ्या बहुसंख्य मुलांची गणिताची हस्तलिखित उत्तरपत्रिका हेच राज्य दरवर्षी तपासते. कॉपीचा रोग आणि निरनिराळ्या मंडळांच्या गुणांतील तफावत या अडचणी खऱ्या आहेत. त्या सोडविण्यासाठी परीक्षा केंद्रांवर बंदोबस्त वाढवावा लागेल, गुणांचे समानीकरण करावे लागेल. सीईटीत वेगवेगळ्या सत्रांतील गुणांचे समानीकरण होतेच की!

तेव्हा प्रवेशाच्या गुणानुक्रमात बारावीच्या लेखी गणिताला निम्मा वाटा द्यावा, आणि अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयांतील गणिताची रिक्त पदे कंत्राटी नव्हे, कायम शिक्षकांनी भरावीत, ही मागणी विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांनी एकत्र येऊन केली पाहिजे. पहिल्या मागणीसाठी शासनाला नवी परीक्षा घ्यावी लागणार नाही. त्या उत्तरपत्रिका दर मार्च-एप्रिलमध्ये शिक्षकांच्या टेबलावर येऊन पडतातच.